तीन पोटांची होडी आणि चॅपलचं कुरण

गुल्वेन केरदोंकुफने आयुष्यात एकही वाकडी वस्तू बनवली नव्हती. हे गावकरी म्हणत नसत, तो स्वतःच म्हणत असे. आमच्या पोर्मेलेन गावातली निम्मी कपाटं, झाडून सगळी दारं आणि पाद्रीबुवांची पापकबुलीची पेटी त्याच्या हातची होती. "माझ्या कपाटावर दुधाचं भांडं काठोकाठ भरून ठेवा आणि समोर खुशाल नाचा," तो सांगायचा, "थेंब सांडला तर नाव बदलीन." आमच्याकडे दूध वाया घालवायची रीत नाही, त्यामुळे त्याचं नाव शाबूत राहिलं.

असा माणूस निवृत्त झाल्यावर होडी बांधायला बसला, तेव्हा ती कशी होणार हे उघडच होतं. ती कलंडणार नव्हती.

आता आमच्या खाडीत पॅरिसवाल्यांच्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या होड्या ओळीने उभ्या असतात. त्यांत तीन पोटांच्याही दोनचार दिसतात आणि कोणी मान वळवून बघतसुद्धा नाही. पण मी सांगतोय ते दिवस वेगळे होते. धक्क्यावर डांबराचा वास यायचा, म्हाताऱ्या बायका रविवारी लेसच्या उंच टोप्या घालून चर्चला जायच्या, आणि होडी म्हटलं की एक पोट, तळाला जड कणा, नि वारा आला की एका कुशीवर रेलून चालणं, एवढंच फ्रान्सच्या टोकावरच्या आमच्या ब्रतान्यच्या माणसाला ठाऊक होतं. चांगले दिवस होते. निदान आता तरी तसं वाटतं.

होडी बांधायचं कारण म्हणजे त्याची बायको, सोआझिग.

सोआझिग एनेझ-दू बेटावरची. बेट कसलं, समुद्रात पडलेला एक खडक! त्यावर दीपगृह, दिवेवाल्याचं घर, बटाट्याचा एक तुकडा आणि चार शेळ्या. तिचे वडील दिवेवाले. लग्नानंतर तिची ट्रंक बेटावरून आणायला गुल्वेनने आपल्या मित्राची, तुगदुआलची, शिडाची होडी मागून नेली होती. येताना वारा वाढला, होडी रीतीप्रमाणे आडवी झाली, ट्रंक घसरली आणि उघडली. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा दोन कानांचा वाडगा असतो, सकाळची कॉफी त्यातच प्यायची. सोआझिगच्या वडिलांनी आपला वाडगा आठवण म्हणून लेकीला दिला होता. त्याचे तुकडे झाले.

धक्क्याला लागेपर्यंत सोआझिग तुकडे गोळा करत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "कलंडून चालणारा एक काका मला आहे. तेवढा पुरे. सरळ उभी राहून चालणारी होडी आण, मग मी बसेन."

पुढे दीपगृहाचा दिवा आपोआप पेटायला लागला, वडील किनाऱ्यावर राहायला आले आणि वारले. बेटावर जाणारी सरकारी बोट बंद झाली. सोआझिग पुन्हा कधी तिकडे गेली नाही. पण पश्चिमेचा वारा सुटला की कपडे वाळत घालता घालता ती त्या दिशेला बघत उभी राहायची, आणि गुल्वेन खिडकीतून तिच्याकडे बघत राहायचा. सुताराला एकदा माप दिलं की तो विसरत नाही.

खाडीच्या टोकाला एका विधवेची बटाट्याची रिकामी वखार होती. तिथे काम सुरू झालं आणि तुगदुआल रोज टोमणे मारायला हजर राहू लागला. हा तुगदुआल कालवांची शेती करायचा. दोघे शाळेत एका बाकावर बसले होते आणि तेव्हापासून त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

"मधली होडी समजली," तो म्हणाला. "ह्या बाजूच्या दोन कोणाच्या? हिची पिल्लं?"

"उलांड्या आहेत. मधलं पोट राहायला, बाजूची दोन तोल धरायला. मधे आडवे बांध, आणि बांधांमध्ये जाळी."

"गाईला चार पोटं असतात. अजून एक लाव, दूध देईल."

"तू हस. तुझी होडी सरळ राहावी म्हणून तू तिच्या तळाला दोन टन शिसं बांधतोस. म्हणजे बुडायची तयारी घरूनच करून निघतोस. मी शिसं बांधत नाही, मी पाय फाकवतो. गुत्त्यातून बाहेर पडल्यावर तू काय करतोस?"

तुगदुआलने यावर विचार केला. "आणि उलटली तर?"

"उलटत नाही."

"पण उलटली तर?"

"तर उलटी सरळ राहील," गुल्वेन म्हणाला आणि रंधा मारायला लागला.

होडी झाली सुरेख. मधल्या पोटात बसायचं टेबल, स्वयंपाकाचा ओटा, आणि सगळं ओकच्या फळ्यांचं, कपाटासारखं पक्कं. तळाला कणा नव्हता. त्याऐवजी खाली सरकवायची एक फळी होती. ती वर ओढली की एवढी मोठी होडी गुडघाभर पाण्यात तरंगायची. ती वखारीच्या दारात अडकणार म्हणून अर्धा गाव खुर्च्या घेऊन मजा बघायला आला होता. गुल्वेनने बांधांचे बोल्ट काढले, तीन पोटं एकामागून एक बाहेर आणली आणि बाहेर पुन्हा जोडली. लोक फार नाराज झाले.

सोआझिगची एकच अट राहिली होती. आशीर्वाद न मिळालेल्या होडीत ती पाय ठेवणार नव्हती. दिवेवाल्याची मुलगी, हा तिचा हट्ट कोणी काढू शकत नव्हतं. "मरियामाईच्या सणाला पाद्रीबुवा पाणी शिंपडतील," ती म्हणाली. "मग मी चढते. आणि मग थेट एनेझ-दू." हे ऐकल्यावर गुल्वेन इतका खूश झाला की त्याने तुगदुआललासुद्धा सफरचंदाची सायडर पाजली.

ऑगस्टच्या मध्यावर, मरियामाईच्या दिवशी, भरती पुरती चढली की सगळ्या होड्या संत केनानच्या चॅपलसमोर जमतात. पाद्रीबुवा पायऱ्यांवरून पवित्र पाणी शिंपडतात. आता चॅपलपुढे आहे कुरण, आणि तिथे पाणी येतं ते फक्त मोठ्या उधाणाला, तेही गुडघाभर. त्यामुळे जड कण्याच्या होड्या लांब खाडीच्या मध्यावर थांबत. पाद्रीबुवांचं वय झालेलं, हात पूर्वीसारखा फिरत नव्हता. गेली कित्येक वर्षं त्या खाडीतले खेकडेच काय ते पवित्र होत होते.

"माझी होडी थेट पायरीला लावतो," गुल्वेनने सगळ्या गुत्त्यात जाहीर केलं. "तिन्ही पोटांवर पाणी पडलं पाहिजे. उगाच एक कोरडं राहायला नको."

त्या वर्षी सणाच्याच दिवशी उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं उधाण होतं. कुरण पाण्याखाली गेलं. गुल्वेनने फळी वर ओढली आणि होडी गवतावरून सरकत सरकत चॅपलच्या दारासमोर आणून उभी केली. मागे खाडीत तुगदुआल आणि बाकीची मंडळी तोंडाचा आ करून बघत राहिली. पायऱ्यांवर सोआझिग उभी होती. अंगात चांगला कोट, हातात टोपली, टोपलीत पाव, खारं लोणी आणि सकाळी उठून केलेला कुइन्यामान, म्हणजे लोण्यासाखरेत थबथबलेला आमचा केक. ती हसत होती. गुल्वेनच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला क्षण होता, आणि तो तिथेच संपला असता तर बरं झालं असतं.

पाद्रीबुवांनी हात उचलला आणि थबकले.

"गुल्वेन, ही होडी एक आहे की तीन?"

"एकच, फादर. पोटं तीन."

"तीन, आणि तरी एक." पाद्रीबुवांचे डोळे चमकले. पंचेचाळीस वर्षं ते गावाला पवित्र त्रैक्य समजावून सांगत होते आणि गाव झोपत होतं. आज उदाहरण स्वतः पाण्यावरून चालत दारात आलं होतं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "नीट बघा. मधला तो पिता..."

पित्यावर ते बराच वेळ बोलले. मग डाव्या उलांडीकडे, म्हणजे पुत्राकडे वळले. एवढ्यात खाडीतून तुगदुआलचा आवाज आला, "गुल्वेन, पाणी फिरलं रे!"

गुल्वेनला ते दिसत होतं. पायरीची ओली कड बोटभर वर आली होती. पण आमच्याकडे आशीर्वाद चालू असताना कोणी हलत नाही. आमेन झाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, हे आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. वादळात बुडणाऱ्या माणसानेसुद्धा आमेनसाठी थांबावं अशी अपेक्षा असते. गुल्वेन टोपी छातीशी धरून उभा राहिला.

"फादर," तो हळूच म्हणाला, "पवित्र आत्म्याचं जरा थोडक्यात..."

"पवित्र आत्म्याचं थोडक्यात?" पाद्रीबुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. आणि मग पवित्र आत्म्याचं सविस्तर झालं.

आमेन झालं, पाणी तिन्ही पोटांवर नीट शिंपडलं गेलं. गुल्वेनने लांब काठीने होडी रेटली. होडी हलली नाही. ती केव्हाच गवतावर टेकली होती, पण इतकी अलगद आणि इतकी सरळ की कोणालाच कळलं नव्हतं. गुल्वेनने आतल्या टेबलावर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्यावर होता. तशाही स्थितीत त्याला जरा बरं वाटलं.

ओल्या गवतातून टोपली सांभाळत सोआझिग आली. "निघायचं?"

"थोडं थांबावं लागेल."

"थोडं म्हणजे किती?"

तुगदुआल चिखलातून तिथवर पोहोचला होता. "सप्टेंबरपर्यंत, वहिनी," तो म्हणाला. "आजचं उधाण उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं. आता रोज पाणी कमी कमी येणार. दिवस-रात्र सारखी होतील तेव्हा पुन्हा एवढं चढेल."

पोर्मेलेनमध्ये लहान मूलसुद्धा उधाणाच्या माथ्यावर होडी रुतवत नाही. सोआझिगने टोपलीवरचं फडकं नीट केलं. वळली आणि घरी गेली. कुइन्यामानही तिच्याबरोबर गेला, आणि गुल्वेनला त्याचा वास बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळच्या भरतीला पाणी आलं ते वीतभर आधीच थांबलं. सकाळी तुगदुआलने आपला ट्रॅक्टर आणला.

"राहू दे," गुल्वेन म्हणाला. "जमीन मऊ आहे."

"तीन कपाटं ओढायची, त्यात काय? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मी कालवं ओढतो."

ट्रॅक्टरने ओढलं. होडी होती तिथेच राहिली आणि ट्रॅक्टर खाली जाऊ लागला. तुगदुआलने आणखी जोर लावला, तसा तो आणखी खाली गेला. शेवटी चाकं दिसेनाशी झाली. संध्याकाळी भरतीने येऊन इंजिनाला अंघोळ घातली.

"झालं समाधान?" गुल्वेनने विचारलं.

"माझ्या होडीला कणा आहे, म्हणून ती कुरणात येत नाही," तुगदुआल ओरडला. "हे सगळं तुझ्या गुडघाभर पाण्यामुळे!"

मग दोघे आठवडाभर बोलले नाहीत. ट्रॅक्टर दोन घोडे लावून काढावा लागला, आणि घोडे त्याच वखारवाल्या विधवेचे असल्यामुळे तिच्याकडून दोघांनाही बोलणी खावी लागली.

पण खरी पंचाईत शनिवारी उभी राहिली. चॅपलमध्ये तुगदुआलच्या पुतणीचं, आझेनोरचं लग्न होतं. कुरणाच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि मध्ये नाक एका भिंतीला, शेपूट दुसऱ्या भिंतीला लावून पाय फाकवून बसलेली होडी. आमच्याकडे नवरी चॅपलमध्ये पुढच्याच दाराने जाते, सनई आणि पिशवीच्या बाजावाल्यांच्या मागून. दुसऱ्या कुठल्या दाराने गेली तर संसार टिकत नाही म्हणतात.

"होडीवरून जाऊ," आझेनोर म्हणाली. मुलगी धीट होती.

गुल्वेनने दोन्ही उलांड्यांना पायऱ्या लावल्या. वरात डाव्या उलांडीवर चढली, जाळीवरून मधल्या पोटावर आली आणि पलीकडच्या जाळीवरून उजव्या उलांडीकडे निघाली. जाळी होती मजबूत, पण वर चालणारा प्रत्येकजण दुसऱ्याला उडवत होता. नवरीची आजी लेसच्या टोपीसकट वर गेली आणि खाली आली. ती फार खूश झाली आणि पुन्हा गेली. बाजावाल्याचा पाय जाळीत अडकला, तो पिशवीवर पडला, आणि पिशवीतून जो आवाज निघाला त्याने विधवेचे दोन्ही घोडे पळाले. पाद्रीबुवा दारात उभे राहून डोळे पुसत होते. हसून की रडून, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

वरातीत सोआझिगही होती. लग्नाला यायचं म्हणजे होडीवरून यावंच लागलं. मधल्या पोटावर आल्यावर ती थांबली, खोलीचं दार जरासं उघडं होतं म्हणून आत डोकावली, आणि बाहेर आलीच नाही.

चॅपलमध्ये गाणी सुरू झाली तरी तिची जागा रिकामी. गुल्वेन हळूच उठून होडीत गेला. झोपायची जागा त्याने जुन्या पद्धतीच्या पेटीपलंगासारखी केली होती, सरकत्या दारांची, दारांवर कोरलेली चक्रं. दीपगृहातल्या घरात असाच होता, एकदाच पाहिलेला, पण त्याच्या लक्षात राहिला होता. सोआझिग आत पाय घेऊन बसली होती. डोक्यावरची टोपी तिरकी झाली होती.

"हे चक्र," ती म्हणाली, "बाबा दार लावायचे तेव्हा ह्याच्या भोकातून दिव्याचा झोत यायचा. एकदा यायचा, जायचा, मग मोजायचं. मी कधी पंधराच्या पुढे गेले नाही, झोपच लागायची." तिने हात फिरवला. "तू कधी सांगितलं नाहीस, हे केलंयस म्हणून."

"तू चढलीच नाहीस."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. होडी जमिनीवर होती, ताठ होती, आणि लग्नाच्या वरातीने दुसऱ्यांदा पवित्रही झाली होती, तेव्हा तिला काही अडचण उरली नाही. तिने खिडक्यांना पडदे लावले. दुपारी ती क्रेप, म्हणजे आमची पातळ धिरडी, करायची आणि टोपीवाल्या म्हाताऱ्या जाळीवर पाय सोडून बसायच्या. तुगदुआलही येऊ लागला, रागातच, पण येऊ लागला. आणि सोआझिग बेटाच्या गोष्टी सांगायची. दिव्याच्या यंत्राची चावी फिरवताना वडील गायचे ते गाणं, पीठ घेऊन येणाऱ्या बोटीची वाट बघणं, नाताळच्या वादळात शेळ्यांना घरात घेतलं तेव्हा एका शेळीने येशूबाळाच्या गोठ्यातलं गवत खाल्लं होतं ते. एवढी वर्षं एका घरात काढूनही गुल्वेनने यातलं निम्मं ऐकलं नव्हतं. तो तुळईला टेकून ऐकत राहायचा आणि त्याला वाटायचं, रुतली तेच बरं झालं.

पण सप्टेंबर जवळ आला तसा तो रोज पाण्याची रेघ मोजायला लागला. सोआझिगने पुढच्या भागात जिरेनियमच्या कुंड्या आणून ठेवल्या.

"ह्या उधाणाच्या आधी काढाव्या लागतील," तो म्हणाला.

"कशाला? असू दे की इथेच होडी. पाद्रीबुवांची हरकत नाही. मी विचारलंय."

"सोआझिग, ती कुरणात ठेवायला बांधली नाही. तुला एनेझ-दूला न्यायला बांधली."

ती क्रेप उलटत होती. क्रेप जळेपर्यंत उलटतच राहिली. मग म्हणाली, "घराचं छप्पर गेलंय म्हणतात. मासेमारीवाले सांगत होते. कलंडण्याचं मी तेव्हा रागात बोलले रे. पुढे न जायला तेच निमित्त सोयीचं झालं. तू होडी बांधायला घेतलीस तेव्हा मला वाटलं, ह्याच्याकडून काही ती होत नाही. नंतर वाटलं, वखारीतून निघत नाही. रुतली तेव्हा मी घरी जाऊन रडले, तुला वाटलं रागाने, पण सुटल्यासारखं झालं होतं. इथे बसलं की घर जसंच्या तसं दिसतं. तिथे जाऊन काय दिसणार?"

गुल्वेनने जळलेली क्रेप तव्यावरून उचलली. लाकडाला काय सांगायचं ते त्याला कळत असे, माणसाला काय सांगायचं त्यात तो नेहमीच कच्चा होता. "मग मी एकटा होडी बंदरात नेतो," तो म्हणाला. "पण कुरणात ठेवायची नाही. गाई काय म्हणतील?"

उधाणाच्या दिवशी सकाळी सगळा गाव ढकलायला आला. तुगदुआल कमरेइतक्या पाण्यात उभा राहून सगळ्यांना चुकीच्या सूचना देत होता. सोआझिग आत क्रेप करत होती, कारण ढकलणाऱ्यांना खायला द्यायला नको का?

"पाणी चढतंय," गुल्वेनने दारातून सांगितलं. "उतर आता."

"पीठ उरलंय थोडं."

"सोआझिग, निघाली की थांबवता येणार नाही."

"पीठ वाया घालवू?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

होडी तरंगली तीसुद्धा तशीच, टेकली होती तितकी अलगद. गावाने जोर केला, होडी कुरणावरून सुटली, तुगदुआल तोंडावर पाण्यात पडला. गुल्वेनने खाडीत आल्यावर फळी खाली सोडली आणि शीड वर चढवलं. होडी जी निघाली ती जराही न रेलता, पाण्यावर ठेवलेल्या टेबलासारखी. आत ओट्यावर सोआझिगने पिठाचं भांडं ठेवलं होतं. ते घेऊन ती बाहेर आली, काठावर बसली आणि उरलेलं पीठ शांतपणे समुद्रात ओतलं.

"संपलं," ती म्हणाली. "चल."

गुल्वेनला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तो तोंड उघडणार एवढ्यात खाडीचं तोंड संपलं आणि मोठ्या समुद्राची लाट आली.

आता होडी बांधताना गुल्वेनने सगळा विचार केला होता, एक सोडून. त्याची होडी कलंडत नव्हती हे खरं. पण आडवी होणारी होडी लाटेवर रेलते, हळू उठते, हळू बसते. ही ताठच राहायची, आणि प्रत्येक लाटेला ताठ राहूनच दचकायची. डावं पोट वर, झटका. उजवं पोट वर, झटका. दुसऱ्या झटक्याला गुल्वेन पिवळा झाला. चौथ्याला हिरवा. मग त्याने सुकाणू सोडलं, जाळीपर्यंत रांगत गेला आणि पालथा पडला.

"गुल्वेन?"

"होडीत," तो जाळीतून खाली समुद्राला म्हणाला, "काहीही दोष नाही."

सोआझिगने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि सुकाणू धरलं. पिठाच्या बोटीबरोबर ती लहानपणी त्या पाण्यातून किती वेळा गेली होती! कुठे खडक, कुठे ओढ, तिचे हात विसरले नव्हते. एनेझ-दूच्या मागे एक वाळूची खाच आहे, तिथे कण्याच्या होड्या जाऊच शकत नाहीत. तिने फळी वर ओढली आणि होडी वाळूवर नेऊन टेकवली.

"येतोस?" तिने विचारलं.

गुल्वेनने एक हात उचलला आणि पुन्हा खाली टाकला. ती एकटीच वर चढून गेली. तो जाळीच्या चौकटीतून वाळू बघत पडून राहिला. एक खेकडा आला, त्याच्याकडे पाहून निघून गेला. एनेझ-दूचं त्याने एवढंच पाहिलं.

बऱ्याच वेळाने ती परत आली. डोळे लाल होते.

"रडलीस?"

"हो." ती जाळीवर त्याच्याजवळ बसली. "छप्पर खरंच गेलंय. चुलीत एक समुद्रपाखरू बसलंय. मला बघून उठलंसुद्धा नाही. त्याच्या घरात मी घुसले असं तोंड केलं त्याने." आणि ती हसायला लागली. "एवढंसं घर आहे रे. इतकी वर्षं मी भ्यायले, आणि एवढंसं आहे."

गुल्वेनने तिचा हात धरला. ते दोघांसाठीही पुष्कळ होतं. मग पाणी चढलं, होडी उचलली गेली, पहिला झटका बसला आणि त्याला तो हात सोडावा लागला.

त्यानंतर सोआझिग दर चांगल्या उधाणाला समुद्रावर जाऊ लागली. कधी एनेझ-दू, कधी त्याच्याही पलीकडे. मदतीला तिने तुगदुआलला घेतलं, आणि तुगदुआल गुत्त्यात छाती पुढे काढून सांगू लागला की होडीला पोटं तीनच हवीत, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

आमच्या धक्क्यावर एक लाकडी बाक होता. समुद्रावर गेलेल्यांच्या बायका त्यावर विणकाम घेऊन बसायच्या आणि वाट बघायच्या. त्या वर्षीपासून त्या बाकावर, लेसच्या टोप्यांच्या मधोमध, गुल्वेन बसायला लागला. बायका त्याला जरा सरकून जागा देत. मी ते चित्र अजून विसरलेलो नाही, आणि आता तो बाकही नाही, त्या बायकाही नाहीत.

एकदा नवरीच्या आजीने विणता विणता त्याला विचारलं, "काय रे, एवढी होडी बांधलीस, मग तू का जात नाहीस?"

गुल्वेनने बाक जरा हलवून पाहिला. मग खाली वाकला.

"ह्या बाकाचा एक पाय आखूड आहे," तो म्हणाला. "उद्या बघतो."